४५ अंशांच्या पट्ट्यांची भिंत, आणि तिलाच टांगता चेंडू: जमेल का?

शेडवाला_कुडाळ
फॅब्रिकेशनची शेड १० बाय १४ फूट. १४ फुटी भिंत मोकळी आहे, जांभ्या चिऱ्याची, आतून गिलावा. तिच्यावर प्लायच्या ४५ अंशांच्या पट्ट्या (फ्रेंच क्लीट: एक पट्टी भिंतीला, तिच्यात अडकणारी उलटी पट्टी वस्तूच्या पाठीला) मारून पाने, ग्राइंडर, क्लॅम्प आणि पाइपांचे तुकडे अडकवायचे आहेत. शिवाय संध्याकाळी पोरं बॅटिंगचा सराव करतात. त्यांच्यासाठी त्याच पट्टीवर अडकेल असा लोखंडी हात करून दोरीला सीझन बॉल (कातडी कडक चेंडू) टांगायचा विचार आहे. काम संपलं की हात काढून ठेवायचा. प्लाय किती लागेल, आणि पट्टी हा हात झेलेल का?

रंधा_करवत
आधी पट्ट्यांचं बघू.

१८ मिमीची आठ-बाय-चार शीट घ्या. कोकणातल्या हवेत साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो आणि पट्टी खाचेत बसेनाशी होते, म्हणून आयएस ७१० शिक्क्याचाच (मरीन प्लाय, पाण्यात टिकणारा) घ्या. लांबीत १८० मिमी रुंदीचे सहा पट्टे फाडा, मग प्रत्येक पट्टा मधोमध ४५ अंशांत चिरा. आठ फुटी बारा पट्ट्या निघतात. १४ फुटांच्या सहा ओळींना अकरा लागतात. बारावी आणि शीटची उरलेली कड अडकवायच्या वस्तूंच्या पाठीला वापरा. दोन ओळींत २०० मिमी अंतर पुरे.

भिंतीवर मारताना चिरलेली कड वर, टोक खोलीकडे आणि उतार भिंतीकडे हवा. उलटी मारलेली पट्टी पहिल्या वजनालाच माल सोडते. टोक धारदार ठेवू नका, रंध्याने एक सूत (इंचाचा आठवा भाग) बोथट करा. म्हणजे खाचेत ग्राइंडिंगची धूळ साचली तरी वस्तू पूर्ण खाली बसते.

चिऱ्यात ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. दगड मऊ आणि सच्छिद्र असतो, हॅमरने भोक फाटतं आणि प्लग गोल फिरत राहतो. बिट अचानक आत गेलं तर समजा पोकळी लागली, दोन इंच सरकून नवं भोक घ्या. स्क्रूची लांबी अशी धरा: १८ मिमी प्लाय, २० मिमी गिलावा आणि चिऱ्यात किमान ५०. म्हणजे ९० मिमीचा स्क्रू, दर ४० सेंमीला एक. प्लगही पुरता चिऱ्यात गेला पाहिजे. नुसत्या गिलाव्यात अडकलेला प्लग ढपलीसकट बाहेर येतो.

पहिली ओळ पाण्याच्या नळीने लेव्हल करा. १४ फुटांत दोन फुटी पाणसळ सरकवत नेली की चूक साठत जाते. पुढच्या ओळींना २०० मिमीचे दोन ठोकळे ठेवून काम होतं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. अडकवलेल्या फळीचा खालचा भाग भिंतीपासून १८ मिमी अधांतरी राहतो, त्यामुळे ती आत कलते. खाली त्याच प्लायचा तुकडा पॅकिंग म्हणून मारा.

पाइपांचे तुकडे मात्र पट्टीवर नकोत. ११० मिमी पीव्हीसी पाइपचे फूटभर लांबीचे तुकडे कोपऱ्यात उभे बांधा, त्यांत तुकडे उभे राहतात आणि लांबी एका नजरेत दिसते.

सरळ_बॅट
चेंडूचा हात पट्टीवर नको. पट्टी खाली ओढणाऱ्या वजनासाठी असते आणि टांगता चेंडू वरही ओढतो.

हिशोब बघा. हात २.४ मीटर उंचीवर, चेंडू जमिनीपासून ४० सेंमी, म्हणजे दोरी दोन मीटर. चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास. ताशी २२ किमीपर्यंत मारला तर तो लंबकासारखा जाऊन येतो. २२ ते ३६ च्या दरम्यान हाताच्या वर जातो, दोरी ढिली पडते आणि खाली येताना हिसका बसतो. त्याहून जोरात मारला तर पूर्ण चक्कर मारून दोरी हाताला गुंडाळते. ताशी ७० ने मारलेला चेंडू खाली असताना हाताचं टोक सव्वातीन किलोने खाली खेचतो, पण डोक्यावरून जाताना तेच टोक दोन किलोहून जास्त ताकदीने वर उचलतो. २५ मिमी चौकोनी, १६ गेज पाइपचा १.२ मीटर हात दीड किलोचा. तो खाचेतून सुटून पोराच्या डोक्यात पडेल.

म्हणून शेडच्या बाहेरच्या भिंतीवर, शटरशेजारी, गेटसारखा बिजागरीचा हात करा. भिंतीला आरपार १० मिमीचे चार बोल्ट, आतून ५ मिमी जाडीची प्लेट. हात भिंतीला काटकोनात उघडला की लॉक पिन हवीच. हात हलत राहिला तर चेंडूचा जोर तोच खातो आणि चेंडू मेल्यासारखा परततो.

चेंडू भिंतीला समांतर झुलेल. पोरांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. उजवा असो वा डावा, बॅटमागे मोकळी जागा राहते. कट मात्र नाही, बॅट भिंतीवर बसेल.

चेंडूला भोक पाडू नका, आतलं कॉर्क सुटतं. नायलॉनच्या दोन मोज्यांत एकावर एक घाला आणि वर गळाच्या दोरीची फिरकी लावा, नाहीतर पीळ पडून दोरी आखूड होत जाते. दोरी ४ मिमी, हातावर घासते तिथे बागेच्या पाइपचा तुकडा. दुसरं टोक पुलीवरून भिंतीवरच्या खुंटीला, म्हणजे उंची बदलता येते.

मारलेला चेंडू साधारण १.४ सेकंदांनी परत येतो, हळू मारा की थोडा जोरात, वेळ जवळपास तेवढीच. डिफेन्स आणि टायमिंगला हा ताल उत्तम. ड्राइव्ह पूर्ण जोरात मारायचे तर हे साधन नव्हेच, जाळीत थ्रोडाउन (समोरून हाताने टाकलेले चेंडू) घ्या.

पंक्चर_स्पेशल
चक्कर थांबवायची तर चेंडूच्या खालून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्याला बांधा. वर जात नाही, सरळ परत येतो.

सरळ_बॅट
गुडघ्याच्या उंचीवर तुमची ट्यूब बॅटच्या वाटेत येते. सरळ बॅट चेंडूबरोबर ट्यूबलाही लागते आणि पोरं बॅट अडवी आणायला शिकतात. चेंडू कमरेच्या वर ठेवून पुलच्या सरावाला चालेल. ट्यूब उन्हात तडकते आणि तुटली की तोंडावर येते, तेव्हा हेल्मेट सक्तीचं.

शेडवाला_कुडाळ
म्हणजे पट्ट्या आत, हात बाहेर. बिजागरीला गेटचे खिळा-बुश (खिळ्यावर बसणारी नळी) वापरू ना? हात रोज काढायचाय.

रंधा_करवत
वापरा, पण दोन्ही खिळे वर तोंड करून असतील तर चेंडू वर ओढेल तेव्हा हात निघेल. रोज काढायचा आहे म्हणून वरच्या खिळ्याला आरपार भोक पाडून स्प्लिट पिन घाला, आणि ती पिन साखळीने भिंतीलाच बांधा. कायमचा ठेवणार असाल तर एक खिळा उलटा वेल्ड केला की काम झालं.