राखाडी छटा हिरवट होत जाणे: वाइड फॉरमॅट प्रिंटर

प्रश्न: आमच्या ४४ इंची इंकजेट प्रिंटरवर पहिला मीटरभर भाग निर्दोष येतो, मात्र त्यापुढे राखाडी छटा हळूहळू हिरवट होत जातात. हेड (शाई फवारणारा भाग) दोनदा क्लीन केले, तरी फरक नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: राखाडीतला मॅजेंटा (गुलाबी-जांभळ्या रंगाची शाई) कमी झाला की हिरवट झाक येते. लांब प्रिंट संपताच, क्लीनिंग न करता, नोझल चेक (हेडच्या प्रत्येक बारीक छिद्रातून, म्हणजे नोझलमधून, एकेक रेघ छापणारी चाचणी) काढा. रेघा दर वेळी त्याच जागी तुटत असतील तर नोझल तुंबले आहे. सुरुवातीला अखंड असलेल्या रेघा नंतर नाहीशा होत असतील, तर हेडपर्यंत शाई पुरेशी पोहोचत नाही आणि मग डँपर (हेडला शाई पुरवणारी छोटी डबी), नळी व कार्ट्रिज तपासावे लागते. वारंवार क्लीनिंग मात्र टाळाच, त्यात शाई विनाकारण वाया जाते.

उत्तर २: सहमत. प्रोफाइल (कागदानुसार रंग जुळवणारी फाइल) चुकले असते तर झाक पहिल्या इंचापासूनच दिसली असती.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्रिंटनंतरच्या चेकमध्ये मॅजेंटाच्या निम्म्याहून अधिक रेघा गायब होत्या आणि अर्ध्या तासाने त्यांतील बऱ्याच आपोआप परतल्या. डँपर काढून पाहिला तेव्हा आत शाईपेक्षा फेसाळ बुडबुडेच अधिक होते. तो बदलल्यावर राखाडी पट्टी शेवटपर्यंत एकसारखी आली.