प्रतिसाद: ‘५ किमीच्या आत’ म्हणजे नेमकं कुठून?

गावात एसटी येत नाही, तरी जनगणनेच्या माहितीत ‘बस : ५ किमीच्या आत’ कसं, असं वर विचारलंय. ती चूक नाही. सोय गावातच नसेल तर २०११च्या ग्रामनिर्देशिकेत (जनगणनेतली गावागावच्या सोयींची यादी) फक्त अंतराचा गट दिलाय: ५ च्या आत, ५ ते १०, १० च्या पुढे. चढउतार त्यात येत नाही. कोकणात थांबा वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि वाडी खाली पऱ्ह्याकाठी (ओढ्याकाठी). कागदावर तीन किमी. डोक्यावर तांदळाचं पोतं असलं की मधे दोनदा टेकावं लागतं. आमच्याकडची म्हातारी माणसं तर वडापच्याच (खासगी जीपच्या) भरवशावर, आणि ती जीप भरल्याशिवाय सुटत नाही.

लोकसंख्याही जपून वाचा. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे (सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मुलीच कमी आहेत), बाप्ये मुंबईला म्हणून. मोजणी फेब्रुवारीतली. गणपतीत केली असती तर आकडा वेगळाच आला असता!

रस्त्याचं म्हणाल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा मूळ निकष गाव नव्हे, वस्ती: सपाटीवर ५०० लोकसंख्या, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी, वाळवंटी भागांत २५०. त्यामुळे आधी वाडीनिहाय आकडे काढा.