काजू युनिटच्या ऑफिसात चप्पल, सँडल चालू द्यावी का?

कुडाळ_शेड
कुडाळजवळ काजू प्रक्रियेचं युनिट आहे. ऑफिसात ६ जण, शेडमध्ये १८, त्यात बायका जास्त. घरून जी चप्पल घालून येतात तिच्यावरच दिवस काढतात. मालकांचं म्हणणं, सरकारी ऑफिसातही चप्पल बंद आहे, तेव्हा १ जूनपासून सगळ्यांना काळे लेदर बूट. पावसात लेदर टिकेल का? ऑफिसवाल्यांना दिवसातून तीन-चारदा शेडमध्ये जावं लागतं, त्यांनी काय घालायचं? नियम लिहून द्यायचाय.

बोरमा_पॅकिंग
सगळ्यांना एकच बूट हा नियम काजूत चालत नाही. खोलीगणिक फरशी बदलते, तसं पायातलंही बदलायला हवं.

कटिंगला टरफलातलं तेल खाली सांडतं. ते कातडीला लागलं की फोड येतात. हवाई चप्पल तिथे नकोच, पण कॅनव्हासचे बूट त्याहून वाईट: कापड तेल शोषतं आणि ते तासन्‌तास पायाला चिकटून राहतं. लेदरही शोषतं. पीव्हीसीचे घोट्यापर्यंतचे बूट द्या, साडीवर उंच गमबूट अडकतात. पायावर तेल उडालंच तर नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी खोबरेल लावलेल्या फडक्याने टिपून घ्यायचं, मग साबण. चोळलं तर पसरतं.

बॉयलर आणि कुकरपाशी पँट बुटाच्या बाहेर सोडायची. आत खोचली तर उकळतं पाणी सरळ बुटात उतरतं. गोदामात ८० किलोची गोणी उचलणाऱ्याला पुढे स्टीलची टोपी असलेला बूट हवा. त्यावर आयएस १५२९८ भाग २ (सुरक्षा बुटांचं भारतीय मानक) छापलेलं बघून घ्या, ती टोपी २०० जूलचा आघात सोसते.

आता ऑफिसवाले. कटिंगमधून आलेली चप्पल पीलिंग-ग्रेडिंगला, म्हणजे गराची साल काढून प्रत लावतात तिथे, गेली की तळव्याचं तेल फरशीवर, तिथून हाताला, आणि पांढऱ्या गरावर तपकिरी डाग. डब्ल्यू ३२० चा, म्हणजे अख्ख्या पांढऱ्या गराच्या प्रतीचा, माल डागी निघतो. पीलिंगच्या दारात आडवं बाकडं टाका. बाहेरची पादत्राणं अलीकडे, आतल्या पांढऱ्या रबरी चपला पलीकडे, आणि बाकड्यावर बसूनच पाय पलीकडे टाकायचे. त्या चपला आतच राहतील, रोज संध्याकाळी साबणाने धुवायच्या. मालक आले तरी त्यांनाही हेच.

सोल_शिलाई
जून ते सप्टेंबर आपल्याकडे लेदर सुकतच नाही. दोन दिवस पेटीत राहिलं की पांढरी बुरशी. ऑफिसला मागे पट्टा असलेली काळी सँडल उत्तम. टीपीआर (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) किंवा रबरी सोल, बक्कल. वेल्क्रोत चिखल बसला की पकड जाते.

पीयू (पॉलियुरेथेन, हलकं फेसाळ प्लास्टिक) सोल घेताना खोक्यावरचा महिना बघा. दमट हवेत पडून राहिलेला पीयू आतून कुजतो. वरून नवा दिसतो आणि घातल्यावर चुरा होऊन गळतो, तो दुरुस्त होत नाही. सोल नुसता चिकटवलेला असेल तर आधीच कडेने शिलाई मारून घ्या. ओले बूट बॉयलरजवळ वाळवू नका, पेस्टिंग सुटतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे, वर पंखा. दोन जोड असतील तर आलटून पालटून.

हवाई घसरते ती टाचेकडून. तिथली नक्षी बोटाला लागेनाशी झाली किंवा पट्ट्याचं बटण भोकातून ओघळायला लागलं की टाकून द्या. बटणाला खिळा लावून चालवतात, तो फरशीवर हमखास सटकतो.

सडा_जांभा
सरकारी नियमाबद्दल मालकांचा गैरसमज झालाय. ८ डिसेंबर २०२० चं परिपत्रक राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, खासगी युनिटला लागू नाही. त्यातही बंदी स्लीपरला आहे. महिलांना चप्पल, सँडल, बूट आणि पुरुषांना बूट, सँडल चालतात. त्याच्या आधारे लेदरची सक्ती होत नाही.

आणखी एक. ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. भेगाळलेल्या पायाने साचल्या पाण्यातून चाललं तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती. म्हणून येताना-जाताना गमबूट, आत आल्यावर पाय धुऊन पुसून कोरडी सँडल. फाटकाशी नळ आणि मांडणी एवढं केलंत तरी पुरे.

कुडाळ_शेड
बाकडं आणि मांडणी उद्याच करून घेतो. कटिंगचे बूट बायकांच्या मापात मिळत नाहीत, मोठ्या मापात आत कापड कोंबलं तर?

बोरमा_पॅकिंग
नको, पाय आत सरकतो आणि ओल्या फरशीवर तोल जातो. कागदावर प्रत्येकीचा पाय आखून घ्या, ४ आणि ५ नंबर आगाऊ सांगून मागवा. मे संपायच्या आत मागवा, आणि पैसे त्यांच्या पगारातून कापू नका.