मदत हवी आहे: क्लॅश ऑफ क्लॅन्सच्या एपीआय टूलच्या रीडमीत ४०३ एरर कुठे समजावू?

नमस्कार मंडळी. लातूर, नांदेड, परभणीकडच्या पोरांच्या क्लॅश ऑफ क्लॅन्स गेममधल्या क्लॅनचे (गटाचे) वॉर-निकाल, डोनेशन आणि ट्रॉफी अधिकृत एपीआयवरून (प्रोग्रामला गेमची माहिती देणाऱ्या सोयीवरून) आणणारं पायथन टूल तयार आहे, नीट चालतं. अडलंय ते रीडमीवर, म्हणजे टूलसोबतच्या माहितीच्या फाइलवर. वाचणारे बहुतेक पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, एपीआय पहिल्यांदाच हाताळणारे.

क्लॅनच्या टॅगमधलं (ओळख-कोडमधलं) हॅश चिन्ह यूआरएलमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि २३ असं लिहावं लागतं, ते उदाहरणासकट दिलंय. तिथे कुणी अडत नाही. खरी पंचाईत ४०३ची, म्हणजे सर्व्हरने परवानगी नाकारल्याच्या एररची. एपीआयची ‘की’ (वापराची गुप्त किल्ली) ज्या आयपीसाठी (नेटवरच्या पत्त्यासाठी) काढली त्याच आयपीवरून चालते, आणि इकडे बहुतेकांचं नेट मोबाईल हॉटस्पॉटचं, आयपी सारखा बदलतो. शिवाय क्लॅनचा वॉर लॉग खाजगी असला तरी ४०३च येतो. उत्तरातल्या ‘रीझन’मध्ये फरक कळतो, पण नवखं पोरगं आकडा बघूनच थांबतं, आणि मला ते फार लागतं.

शेवटी एररचा तक्ता देऊन पाहिला, तिथवर कुणी पोचत नाही. प्रत्येक एंडपॉइंटखाली (माहिती मागायच्या प्रत्येक एपीआय-पत्त्याखाली) तेच लिहिलं तर फाइल अवाढव्य झाली.

स्थिर आयपीला पैसे नाहीत. एकच ‘की’ सगळ्यांत वाटायची नाही, बाहेरच्या प्रॉक्सीलाही (मधल्या सर्व्हरलाही) द्यायची नाही. रीडमी मराठीत आणि एकाच फाइलमध्ये हवं.

मग ४०३ची उकल इन्स्टॉलेशनच्याही आधी द्यावी, की टूलनेच ‘रीझन’ वाचून मराठीत कारण दाखवावं आणि रीडमीत दोनच ओळी ठेवाव्यात? कुणी असं केलं असेल तर नमुना दाखवाल का?