मदत हवी आहे: १७०४ मध्ये कॅनडात धरून नेलेली सासूबाईंची ‘इंग्रज आजी’ शोधायची आहे

नमस्कार मंडळी,

जुनी दफ्तरं आणि वंशावळी यात रमणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. विषय महाराष्ट्रातला नाही, मॅसॅच्युसेट्स आणि क्यूबेकमधला आहे. आधीच सांगितलेलं बरं.

लग्नानंतर मी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात राहते. नवरा इथलाच. सासूबाईंचं माहेरचं आडनाव व्हॅली. त्यांचे आजोबा कॅनडातून होलियोकला कापडगिरणीत कामाला आले. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन असे पोटासाठी अमेरिकेत, मुख्यतः न्यू इंग्लंडमध्ये (ईशान्येकडच्या राज्यांत) उतरले, त्यातलेच एक. मूळ आडनाव लाव्हाले. गिरणीच्या मुकादमाला किंवा नगरपालिकेच्या कारकुनाला ते झेपलं नसावं, त्याचं व्हॅली झालं. घरात फ्रेंच बोलणारं आता कोणी उरलेलं नाही.

पण एक गोष्ट पिढ्यानपिढ्या चालत आलीय: “आपली एक आजी इंग्रज होती. लहानपणी तिला इंडियनांनी धरून नेलं, आणि तिने फ्रेंच माणसाशी लग्न केलं.” (इंडियन म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी.) नाव नाही, गाव नाही, साल नाही. सासूबाई आता हट्टालाच पेटल्यात की ही आजी कोण ते शोध. मुलगा इंजिनियर, त्याला यात रस नाही. सून मराठी, म्हणजे तिला कागद वाचायची हौस असणारच, असा त्यांचा हिशोब!

हातात काय आहे ते सांगते.

एक, १८९४ च्या लग्नाची नगरपालिकेतली नोंद. तक्त्याचा कागद, तिरकं इंग्रजी अक्षर. वराचं आडनाव व्हॅली, वडिलांचं पहिलं नाव दिलंय, आईचंही पहिलंच नाव, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं ‘कॅनडा’. एवढ्या मोठ्या देशात कुठे शोधायचं?

दोन, एक फ्रेंच प्रार्थनापुस्तक. आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने सहा नावं, सगळी बायकांची. शेवटच्या नावापुढे ‘अँग्लेज’ (म्हणजे इंग्रज बाई) असं लिहून खाली दोनदा रेघ मारलीय. नाव ‘तेरेझ’. त्यापुढचं आडनाव कडेला घासून गेलंय. सुरुवातीचे ‘स्ट’ आणि शेवटचा ‘न’ एवढंच दिसतं.

यावरून मी जे जुळवलंय ते असं. डीअरफिल्ड हे गाव आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे फ्रेंच आणि अबेनाकी, मोहॉक, ह्युरॉन या इंडियन जमाती यांच्या टोळीने त्या गावावर छापा घातला. म्होरक्या जाँ-बाप्तिस्त एर्तेल द रूविल. साधारण तीनशे वस्तीच्या गावातले पन्नासेक मेले आणि ११२ जणांना बर्फातून जवळजवळ पाचशे किलोमीटर चालवत कॅनडाकडे नेलं. त्यात जॉन स्टेबिन्स नावाच्या गावकऱ्याचं अख्खं घर होतं. त्यातली थँकफुल तेव्हा बारा वर्षांची. मॉन्ट्रियलजवळच्या शाँब्लीला तिचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला, नाव तेरेझ पडलं, आणि १७११ मध्ये तिचं लग्न झालं ते आद्रियाँ लग्रँ दि लाव्हाले याच्याशी.

लाव्हाले! हे वाचलं तेव्हा मी सासूबाईंना रात्री अकराला फोन केला. पण नंतर बघितलं तर क्यूबेकमध्ये लाव्हाले पोत्याने आहेत, आणि सगळे एका मुळाचे नाहीत. शिवाय तेरेझ नावाच्याही ढिगाने.

तर प्रश्न असे:
१. ‘कॅनडा’ या एका शब्दावरून नेमक्या गावापर्यंत कसं पोचायचं?
२. आमचे लाव्हाले हे लग्रँ-लाव्हालेच, हे कशावरून ठरवायचं?
३. सासूबाईंनी डीएनए चाचणीचं किट आणून ठेवलंय. त्याचा उपयोग होईल का?
४. काही ठिकाणी छाप्याची तारीख ११ मार्च दिसते. छापे दोन झाले होते का?

---

मॉन्ट्रियलकर:

तुमचं काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. क्यूबेकची कॅथलिक दफ्तरं म्हणजे चैन आहे. फक्त अमेरिकेतून सीमा ओलांडेपर्यंत त्रास.

नगरपालिकेचा कागद सोडा, चर्चचा मागवा. होलियोकला फ्रेंच लोकांचं वेगळं चर्च होतं. तिथला फ्रेंच पाद्री लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आईवडिलांची पूर्ण नावं लिहितो, आईचं माहेरचं आडनाव लिहितो आणि बहुतेक वेळा मूळ पॅरिशही (चर्चच्या हद्दीतलं गाव). जहाजाच्या याद्या शोधू नका, ही मंडळी आगगाडीने आली. सीमेवरच्या नोंदी १८९५ पासूनच्या, तुमच्या आजोबांना त्या उशिराच्या.

पॅरिश कळली की जन्माच्या मागे लागू नका, लग्नांच्या मागे लागा. प्रत्येक लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आईबाप. त्या आईबापांचं लग्न शोधायचं, तिथे त्यांचे आईबाप. असं एकेक पायरी मागे. १८९४ पासून १७११ पर्यंत सहा-सात पायऱ्या होतील. आणि इथली बाई कागदावर मरेपर्यंत माहेरच्याच नावाने राहते, त्यामुळे आज्या हरवत नाहीत. एकच मेख: दुसरेपणाचं लग्न असेल तर आईबापांऐवजी आधीच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव देतात. अशा वेळी पहिलं लग्न गाठायचं.

प्रश्न दोन. ‘दि’ लागलेलं नाव हे जोडनाव. १६६५ मध्ये कारिन्याँ-सालिएर रेजिमेंट इथे आली, त्यातल्या बऱ्याच शिपायांना अशी टोपणनावं होती. पुढे एक भाऊ मूळ आडनाव लावतो, दुसरा जोडनाव. पाके दि लाव्हाले हे वेगळं घराणं, क्यूबेक शहराजवळच्या इल द ऑर्लेआँ बेटाकडचं. त्याचा तुमच्या शाँब्लीशी संबंध नाही. म्हणून आडनावाच्या मागे जाऊच नका. आईबापांच्या जोडीने मागे गेलात की लग्रँ आहे की पाके, ते आपोआप दिसेल.

---

बखरवाचक:

वाचनखूण साठवली आहे. प्रश्न चारचं उत्तर माझ्याकडे: छापा एकच. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग धरून होते, फ्रेंच केव्हाच ग्रेगोरियनवर गेले होते. अठराव्या शतकात फरक अकरा दिवसांचा. शिवाय इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जुन्या इंग्रजी कागदात हाच छापा १७०३ चा म्हणूनही दिसेल. आपल्याकडे शिवजन्माच्या तिथी-तारखेवरून जे होतं ते आठवा.

मला एक कळलं नाही. थँकफुलच्या बापाला सोडलं असेल ना? मग पोरीला मागे का ठेवलं?

---

धागाकर्ती:

@मॉन्ट्रियलकर, धन्स! चर्चला पत्र टाकते.

@बखरवाचक, हेच वाचत बसले होते. जॉन स्टेबिन्स, त्याची बायको आणि एक मुलगा परत आले. पाच मुलं तिकडेच राहिली. थोरली अबिगेल हिने तर छाप्याच्या महिनाभर आधी डीअरफिल्डमध्येच जाक द न्वायाँ नावाच्या फ्रेंच माणसाशी लग्न केलं होतं. ती बूशेर्विलला नांदली.

१७१३ ला फ्रेंच-इंग्रज युद्ध थांबवणारा उत्रेख्तचा तह झाला. त्यानंतर डीअरफिल्डचा पाद्री जॉन विल्यम्स (तोही धरून नेलेल्यांपैकी, १७०६ ला सुटलेला) आणि जॉन स्टॉडर्ड उरलेल्यांना आणायला कॅनडात गेले. तोवर थँकफुल बावीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. आधीच मे १७१० मध्ये चौदाव्या लुईने अशा बऱ्याच इंग्रजांना फ्रेंच प्रजा करून घेतलं होतं. परत जायचं तर बाईने एकटीने जायचं, फ्रेंच नवऱ्याची मुलं तिकडेच. क्रिस्तीन ओटिस नावाची विधवा १७१४ मध्ये परत गेली, तिला मुली मागे ठेवाव्या लागल्या. विल्यम्सची स्वतःची मुलगी युनिस हीसुद्धा आली नाही. ती काह्नवाकेच्या मोहॉक वस्तीत लग्न करून राहिली आणि १७८५ मध्ये तिथेच वारली.

जॉन स्टेबिन्सचं मृत्युपत्र मात्र वाचवत नाही. कॅनडातल्या मुलांपैकी जो न्यू इंग्लंडमध्ये येऊन राहील त्याला जमिनीचा आठवा हिस्सा, जो येणार नाही त्याला पाच शिलिंग, बास. पाचही मुलांची नावं घालून लिहिलंय. थँकफुल आली नाही. शाँब्लीलाच वारली, पदरात नऊ मुलं होती.

माझं मत विचाराल तर यात धर्म किती आणि पोरं-संसार किती, हे वेगळं करता येत नाही. इथल्या जुन्या इंग्रजी लिखाणात ‘पोपच्या लोकांनी पोरींना फितवलं’ असा सूर लागतो, तो मला पटत नाही. बाराव्या वर्षी आलेली पोर बाविसाव्या वर्षी कुठली असते?

---

गुणसूत्र:

प्रश्न तीन. साधी चाचणी (सगळे करतात ती) यासाठी जवळजवळ निरुपयोगी. थँकफुल सासूबाईंपासून नवव्या-दहाव्या पिढीत असणार. दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज होतात. त्यातल्या एका बाईचा अंश आज अंगात शून्यही असू शकतो, पण म्हणून ती पूर्वज नव्हती असं होत नाही. उलट बाजूने, फ्रेंच कॅनेडियन मुळात थोड्या हजार माणसांपासून वाढले. त्यामुळे शेकडो ‘चुलतभावंडं’ जुळलेली दिसतील आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

दोन चाचण्या कामाच्या. सासूबाईंना सख्खा भाऊ किंवा भाचा (व्हॅली आडनावाचा) असेल तर त्याची वाय-गुणसूत्राची. ती बापाकडून मुलाकडे जाते. लग्रँच्या सिद्ध वंशजाशी जुळली तर प्रश्न दोन मिटला. दुसरी मातृवंशाची, पण ती फक्त आईची आई, तिची आई अशी सलग साखळी असेल तरच. तुमच्या प्रार्थनापुस्तकातली सहा नावं बायकांचीच आहेत म्हणालात. ती आई-लेकींची साखळी आहे का? असेल तर हे पुस्तक किटपेक्षा मोलाचं आहे.

---

सुलभा_नाशिक:

छान धागा. त्र्यंबकेश्वरला आमच्या घराण्याची वही काढून बघितली होती, तेव्हा हाच अनुभव: माणूस ज्या नावाने आपल्याला माहीत असतो त्या नावाने वहीत नसतो.

एक काळजी घे गं. इंटरनेटवर आयती झाडं मिळतात, त्यात एकाने चूक केली की पन्नास जण तीच उतरवतात. धरून नेलेल्या मुलांच्या नावांचं तर फ्रेंच पाद्र्यांनी कानाला येईल तसं केलंय. ग्रोटनहून १७०४ मध्ये नेलेला मथायस फार्न्सवर्थ तिकडे फानेफ झाला आणि आज क्यूबेकभर फानेफ आहेत. डीअरफिल्डचा जोसाया रायझिंग झाला इग्नास रेझेन. मूळ नोंदीचा फोटो डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढची पायरी चढू नकोस.

---

धागाकर्ती:

धागा वर काढतेय, बातमी आहे.

चर्चकडून उत्तर आलं. वराची पॅरिश: सेंट सेझेर, रूविल परगणा. (हो, त्याच एर्तेल द रूविलच्या घराण्याचं नाव! छाप्याच्या म्होरक्याच्या नावाचा परगणा सासूबाईंच्या आजोबांच्या लग्नाच्या नोंदीत. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “हे नातवंडांना सांगू नकोस.”) जागा शाँब्लीच्याच बाजूची आहे, त्यामुळे आशा वाढलीय.

तिथून लग्नांच्या तीन पायऱ्या मागे गेले, १८२० च्या आसपास पोचले. फॅमिलीसर्चवर दफ्तरांचे फोटो फुकट आहेत. तिसऱ्या पायरीवर वराच्या बापाचं आडनाव स्पष्ट ‘लग्रँ दि लाव्हाले’ असं आहे. म्हणजे प्रश्न दोन सुटला म्हणायला हरकत नाही.

@गुणसूत्र, प्रार्थनापुस्तकातली नावं आई-लेकींची नाहीत. ताडून बघितलं, पहिली तीन नावं याच साखळीतल्या सासवा-सुनांची आहेत. लेक जाते, सून येते, तसं पुस्तक सुनेकडे गेलेलं दिसतंय. मातृवंशाची चाचणी म्हणून बाद.

आता अडलंय ते चौथ्या पायरीवर. नोंदीत वराच्या आईबापांची नावंच नाहीत, ‘विधुर’ असं लिहून मेलेल्या बायकोचं नाव आहे. तिचं आडनाव मला वाचता येत नाही. पानाला पाणी लागलंय.

---

मॉन्ट्रियलकर:

तेच ते दुसरेपणाचं लग्न. घाबरू नका, फ्रेंच कायद्याने दफ्तराच्या दोन प्रती ठेवायचे, एक पॅरिशमध्ये आणि दुसरी न्यायालयात. पॅरिशची भिजली असेल तर न्यायालयाची प्रत बघा, ती वेगळ्या चित्रसंचात असते. ती नाही मिळाली तर माँट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाची सूची आहे, १८४९ पर्यंतच्या कॅथलिक नोंदी जोडप्यांनुसार लावलेल्या. पैसे पडतात, पण माझं खातं आहे.

तसंही लग्नाआधी नोटरीकडे करार करायची पद्धत होती. विधुराच्या करारात पहिल्या बायकोच्या मुलांचा हिस्सा लिहिलेला असतो, त्यात तिचं नाव येतंच.

पानाचा फोटो इथे डकवा, वराचं पहिलं नाव आणि साल लिहा. शनिवारी बघतो.

---

धागाकर्ती:

फोटो टाकलाय, खालून दुसरी नोंद. समासात पाद्र्याने नाव पुन्हा लिहिलंय, तिथे जरा बरं दिसतं. साल १७९३, वर फ्रांस्वा. नॉर्थहॅम्प्टनच्या जुन्या दफ्तरात स्टेबिन्सच्या मृत्युपत्राची प्रत आहे असं कळलंय, तिची नक्कल मागवायला सासूबाई स्वतः जाणार आहेत. पाच शिलिंग कोणी नेले का, हे त्यांना विचारायचंय.