उतरताना विमानाचा टायर का फुटतो? खानदेशातील उन्हाशी त्याचा संबंध आहे का?

तापीकाठ, भुसावळ
मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या चिंधड्या जागोजागी दिसतात. अशा दुपारी जळगावच्या तापलेल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाच्या टायरचे काय होत असेल? शिवाय विमानालाही रिमोल्ड केलेले (झिजलेल्या टायरवर नवा थर चढवलेले) टायर बसवतात असे ऐकले. ते खरे आहे काय?

अमळनेरकर (विमान देखभाल)
हवेचे तापमान 3 अंशांनी वाढले की टायरमधील दाब साधारण 1 टक्का वाढतो. म्हणजे सकाळच्या 30 अंशांवरून दुपारच्या 45 अंशांपर्यंत फार तर 5 टक्के. बोइंग 737 च्या मुख्य चाकांत सुमारे 200 पीएसआय दाब असतो, आणि निर्धारित दाबाच्या चौपट दाब सोसल्याशिवाय टायरच्या प्रकाराला मान्यता मिळत नाही. त्यामुळे केवळ उन्हाने तो फुटण्याची भीती नको.

उतरताना टायर फुटतो तो बहुधा चाक अडकल्यामुळे. जमिनीला टेकेपर्यंत चाक फिरत नसते. टेकताच ते क्षणभर घासते आणि धूर निघतो, त्यात वावगे काही नाही. मात्र ब्रेक आधीच लागलेला असेल किंवा चाक अडकू न देणारी अँटी-स्किड यंत्रणा बिघडलेली असेल, तर टायर एकाच जागी घासला जाऊन त्याचे थर झिजतात आणि तो काही सेकंदांत फुटतो. दुसरे कारण कमी हवा. अशा टायरच्या भिंती सतत दुमडून आतून तापतात. 11 जुलै 1991 रोजी जेद्दाहहून निघालेल्या डीसी-8 विमानाचे टायर याच कारणाने धावपट्टीवरच निकामी झाले, आग लागली आणि सर्व 261 जण मरण पावले. ती घटना उड्डाणाची असली तरी कमी हवेचा धोका उतरतानाही तोच असतो.

धुळ्याचा टायरवाला
रिमोल्डचे ऐकलेत ते खरे आहे. आतला सांगाडा शाबूत असल्याची तपासणी करून विमानाच्या टायरवर अनेकदा नवा थर चढवतात. ट्रकबाबत सांगायचे तर उन्हापेक्षा जास्तीचा माल आणि कमी हवा हेच अधिक नडते. टायर गरम झाला म्हणून चालक हवा सोडतात. तो थंड झाल्यावर दाब गरजेपेक्षा खाली उतरतो आणि पुढच्या फेरीला टायर जातो. कितीही समजावले तरी ही सवय सुटत नाही.

तापीकाठ, भुसावळ
म्हणजे उन्हाचा काहीच दोष नाही, असे समजावे का?

अमळनेरकर (विमान देखभाल)
थोडा आहे, पण तो ब्रेकच्या वाटेने येतो. तापलेली हवा विरळ असल्याने विमान जमिनीच्या मानाने अधिक वेगाने उतरते, आणि ब्रेकने शोषायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती उष्णता विमान थांबल्यानंतरही चाकाकडे सरकत राहते. म्हणून चाकात वितळणारी बुचे बसवलेली असतात. ठरावीक तापमानाला ती वितळतात आणि टायर न फुटता हवा निघून जाते. उभ्या विमानाचा बसलेला टायर म्हणजे अनेकदा हेच. मोठ्या विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात, कारण ऑक्सिजन असला की अतितापलेल्या टायरचा स्फोट होऊ शकतो. 31 मार्च 1986 रोजी मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग 727 मध्ये असा स्फोट होऊन 167 जण दगावले होते.

विमानाच्या मुख्य पायाला (चाके जोडलेल्या दांड्याला) बहुधा किमान दोन चाके असल्याने एक टायर फुटला तरी दुसरा भार पेलतो, मात्र तोही नंतर बदलावा लागतो. असे विमान सहसा धावपट्टीवरच थांबवतात आणि ते हलवून तुकडे वेचेपर्यंत धावपट्टी बंद राहते. जळगावला धावपट्टी एकच असल्याने मागून येणाऱ्या विमानाला तेवढा वेळ घिरट्या घालाव्या लागतील किंवा दुसरीकडे उतरावे लागेल.