छोट्या सेवाभावी संस्थांची करसवलत नोंदणी सोपी करावी का?

मेळघाटकर:
वर्षाला दोन-तीन लाखांच्या देणग्यांवर गावात अभ्यासिका आणि उन्हाळ्यात पाणपोई चालवणाऱ्या संस्थेलाही, कोट्यवधींची उलाढाल असलेल्या न्यासाला लागतात तेवढेच कागद, मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम १२एबीच्या नोंदणीसाठी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणाऱ्या) द्यावे लागत, हे मला अन्यायाचे वाटते. नव्या संस्थेला आधी नमुना १०ए भरून तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी, मग १०एबी भरून नियमित नोंदणी, आणि देणगीदारांना सवलत मिळावी म्हणून कलम ८०जीच्या मान्यतेसाठी पुन्हा तोच क्रम. २०२५ च्या वित्त कायद्याने पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांच्या नोंदणीची मुदत दहा वर्षे केली, हे चांगलेच झाले; ८०जीची मुदत मात्र पाचच वर्षे राहिली, म्हणजे फेरा चुकला नाहीच. खरे तर संस्थेची घटना (नियमावली), हिशेब, विश्वस्त बदलल्याचे ‘बदल अर्ज’ हे सारे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल असते. आयकर खात्याने ते तेथूनच घ्यावे आणि लहान संस्थांसाठी दोन पानी अर्ज ठेवावा.

वणीचा लेखापाल:
भाऊ, आपली तळमळ समजते, पण सूचना धोक्याची आहे. अमेरिकेने २०१४ मध्ये वार्षिक ५०,००० डॉलरपर्यंत जमा असलेल्या संस्थांसाठी १०२३-ईझेड हा असाच छोटा अर्ज आणला, ज्यात घटनेची प्रत जोडावी लागत नाही. पुढच्याच वर्षी तेथील करदात्यांची बाजू मांडणाऱ्या सरकारी कार्यालयाने मंजुरी मिळालेल्या काही संस्थांच्या घटना तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ३७ टक्के संस्थांच्या घटना करसवलतीच्या कसोटीला उतरल्या नाहीत. आपल्याकडेही धनादेशाने देणगी घेऊन रोखीने परत करणाऱ्या संस्था सापडल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे संशय खऱ्या संस्थांवर येतो. शिवाय उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर नोंदणीवाचूनही सहसा कर लागत नाही.

कोरपन्याची कार्यकर्ती:
प्रश्न कराचा नाहीच. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा तर सीएसआर-१ नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) लागते आणि तिच्यासाठी १२ए (वर आलेली करमाफीची नोंदणी) व ८०जी दोन्ही लागतात, त्यामुळे आमच्या कोळसा-सिमेंट पट्ट्यातला निधी खाणीशेजारच्या गावातील संस्थेला मिळत नाही, शहरातल्या संस्थेला मिळतो. नोटिसा ई-मेलवर येतात. दप्तर सांभाळणारे निवृत्त गुरुजी त्या नोटिसा वेळेत पाहू शकले नाहीत, तर काम खरे असूनही अर्ज फेटाळला जातो.

मेळघाटकर:
ताईंचे म्हणणे अगदी खरे आहे. लेखापाल साहेब, अमेरिकेत चूक झाली ती घटना न पाहिल्यामुळे; आपल्याकडे धर्मादाय कार्यालय ती नोंदणीच्या वेळीच पाहते.

वणीचा लेखापाल:
पाहते, पण बदल अर्ज तेथे वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. आज विश्वस्त कोण, हेच ज्या दप्तरातून नक्की कळत नाही, त्याच्या भरवशावर करसवलत द्यावी हे मला पटत नाही. आधी ते अर्ज निकाली निघावेत.